जांभळ्या झाकणाची नळी

दुपारी पावणेचारला लॅबमधल्या मशीनने कागद बाहेर टाकला. मंजुषाने सवयीप्रमाणे आधी आकडा वाचला आणि मग नाव. प्लेटलेट्स एकोणीस हजार. चतुराबाई रंगनाथ खोडे, वय अडुसष्ट. तिने कागद टेबलावर उपडा ठेवला, हातमोजे काढले, काही कारण नसताना दुसरे घातले आणि कागद पुन्हा सुलटा केला. नाव तेच होतं. अकरा वर्षांत तिने हे नाव तोंडाने घेतलं नव्हतं. नाशिक वाढलं वाढलं म्हणतात, तरी गाव ते केवढं. पण एखाद्याला टाळायचंच ठरवलं तर द्वारका ते गंगापूर रोड एवढं अंतर जन्मभर पुरतं. तिने ते पुरवलं होतं. त्या बाजूची लग्नं टाळली, बारशी टाळली, एकदा तर रिक्षा त्या रस्त्याने वळली म्हणून अर्ध्यात उतरून पायी आली. आणि आता ही बाई आपण होऊन आली होती, तीन मिलिलिटर, जांभळ्या झाकणाच्या नळीत, रॅकच्या चौथ्या भोकात, एका शुगरवाल्याच्या आणि एका पोलीस भरतीवाल्याच्या मधोमध. चतुराबाई उभ्या आयुष्यात दोन माणसांच्या मध्ये इतकी गप्प कधी बसली नसेल, असं मंजुषाच्या मनात आलं आणि तिला हसू आलं. ते हसू काही चांगलं नव्हतं, हे तिचं तिलाही कळलं.

नळीबरोबरच्या फॉर्मवर लहानूचं तिरपागडं अक्षर होतं. लहानू म्हणजे लॅबचा घरोघर फिरून रक्त आणणारा माणूस, पन्नाशी उलटलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने लिहिलं होतं: उजवा गुडघा बदलणे, उद्या सकाळी आठ, अर्जंट. म्हणजे ऑपरेशनच्या आधीची नेहमीची तपासणी, जी सगळ्यांचीच होते. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स. प्लेटलेट्स माणसाला दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असाव्यात, पन्नास हजारांच्या खाली गेल्या तर सर्जन सुरीला हात लावत नाही, आणि वीस हजारांच्या खाली तर नुसतं पडून राहिलं तरी कुठून रक्त झिरपेल याचा नेम नाही. एकोणीस हजार हा आकडा बघून दुसऱ्या कुणीही आधी फोन उचलला असता. मंजुषाने उचलला नाही, कारण हे रक्त तिच्या ओळखीचं होतं. गुडघ्याचं तिला नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं फुलांच्या वाफ्यात उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाईचे गुडघे राहतील कशाला. तिला एवढंच वाटलं की गुडघ्याच्या आधी जीभ झिजायला हवी होती.

या रक्ताची खोड तिनेच शोधून काढली होती. लग्नाला दोन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. गावात डेंग्यू होता आणि चतुराबाईला ताप आला म्हणून रक्त तपासलं, तर आकडा आला बावीस हजार. घरात रडारड. मंजुषा तेव्हा नुकती कामाला लागलेली, शिकलेलं सगळं ताजं. तिने त्याच रक्ताचा थेंब काचेवर ओढला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काचेच्या टोकाला प्लेटलेट्सचे गठ्ठेच्या गठ्ठे. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, तेच काही माणसांच्या रक्ताला सोसत नाही. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून बसतात. मशीन बिचारं आकारावरून मोजतं. बारीक ठिपका दिसला की प्लेटलेट, मोठा दिसला की दुसरं काहीतरी. वीस जणींचा गठ्ठा त्याच्या लेखी प्लेटलेट नव्हेच. मंजुषाने निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, त्यात औषध वेगळं असतं, आणि आकडा आला दोन लाख तीस हजार. ती धावत घरी गेली होती. धावत, खरोखर, पंचवटीतल्या फूलबाजारापाशी रिक्षा अडकली तर उतरून. सासूला आत्याबाई म्हणायची त्या घरची पद्धत. ‘आत्याबाई, तुम्हाला काही झालेलं नाही, नुसतं नळीत गोळा होतंय,’ असं तिने दारातूनच सांगितलं. चतुराबाईच्या हातात तेव्हा पितळेचा पेला होता आणि पेल्यात पपईच्या पाल्याचा हिरवागार रस. तो कडूजहर रस ती आदल्या संध्याकाळपासून पीत होती, शेजारची सुलाबाई वाटून देत होती. चतुराबाईने पेला खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘बघ सुला, एका रात्रीत दोन लाख वाढल्या. पाल्याचा गुण.’

तो पाल्याचा गुण पुढे सगळ्या भावकीत गेला. आळीत कुणाला ताप आला की चतुराबाईचं उदाहरण निघे, बावीस हजारांवरून दोन लाख तीस हजार, एका रात्रीत, पपईचा पाला. मंजुषाने दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला गेली तेव्हा जयराम, तिचा नवरा, म्हणाला, ‘जाऊ दे ना, तुझं काय जातं?’ तिचं काय जात होतं ते तिला तेव्हा सांगता आलं नाही. एका घरात एका माणसाला एक गोष्ट कळते, ती खरी असते, आणि तिचा मान एका झाडाला दिला जातो. हे एवढंच असतं तरी ती राहिली असती. बायका याहून कितीतरी कमीवर राहतात. पण पुढच्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं पोट रिकामं झालं. सरकारी दवाखान्यातून तिला घरी आणलं, भिंतीकडे तोंड करून ती पडली होती, आणि पडवीत शेवंतीचे देठ खुडत बसलेल्या बायकांना चतुराबाई सांगत होती. आवाज बारीकसुद्धा केला नव्हता तिने. ‘दिवसभर लोकांच्या रक्तात हात. तिच्या पोटात कसं टिकंल?’ कुणीतरी ‘असं नको म्हणू बाई’ म्हणालं असेल, नसेलही. मंजुषाला त्यानंतर फक्त देठ खुडल्याचा आवाज ऐकू येत राहिला. दीड वर्ष ती त्या वाक्यासोबत त्या घरात जेवली, झोपली, दसऱ्याला झेंडूच्या माळा केल्या, आणि एका सोमवारी कामाला गेली ती परत गेलीच नाही. जयरामने दुसरं लग्न केलं, त्याला दोन मुलं झाली. त्याबद्दल तिला त्याचा राग नव्हता. राग करायला माणूस थोडा तरी वजनाचा लागतो.

आता ते रक्त पुढ्यात होतं आणि पुन्हा तेच खोटं बोलत होतं, आणि ते खोटं आहे हे साऱ्या नाशकात तिला एकटीला ठाऊक होतं. मंजुषा स्टुलावर बसली. तिने घाई केली नाही. काहीच न करता हा आकडा नुसता पुढे जाऊ दिला तर काय होईल, ते तिने नीट मांडून बघितलं, सणाचं ताट मांडावं तसं एकेक. संध्याकाळी सहाला फोन जाईल. ऑपरेशन रद्द. मोठ्या डॉक्टरकडे धाव. रडारड. पपईचा पाला, पेल्यांवर पेले, आणि या वेळी काही गुण येणार नाही, कारण रक्त पुन्हा जांभळ्या नळीत घेतील आणि आकडा पुन्हा वीस हजारांच्या आतच येईल. महिनाभर कडू पिऊन पिऊन बाईची जीभ हिरवी होईल. यात मंजुषाने खोटं काय केलं? मशीनने जे दिलं तेच पाठवलं. कायद्याने बोट ठेवायला जागा नाही. हे सगळं तिने दोनदा मनात फिरवलं आणि दोन्ही वेळा तिला फार बरं वाटलं, इतकं बरं की तिला स्वतःची थोडी भीतीच वाटली. मग तिला याहून गोड काहीतरी सुचलं. उपकार. या बाईवर उपकार करायचा. कुणाला न सांगता, न मागता, वरच्या वर. म्हणजे उद्या ती नव्या गुडघ्यावर चालेल तेव्हा प्रत्येक पाऊल मंजुषाच्या मेहेरबानीचं असेल, आणि तिला ते कधी कळणारही नाही, आणि मंजुषाला मात्र ते रोज, चहा पिताना, अंबाडा घालताना, कळत राहील. अकरा वर्षांत तिला असलं काही मिळालं नव्हतं.

लॅबच्या डॉक्टर मॅडम आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या शाखेत बसत. अशा दिवशी, म्हणजे आजही, मंजुषाने पुढे पाठवलं की मॅडमची सही कागदावर आपोआप उमटे. चौदा वर्षांचा अनुभव, त्यामुळे तेवढा भरवसा होता तिच्यावर. शेऱ्यांची वाक्यं कॉम्प्युटरमध्ये तयारच असतात, फक्त बोट ठेवायचं. तिने ठेवलं. ‘प्लेटलेट्सच्या गुठळ्या आढळल्या. काचेवर पाहता प्रत्यक्ष संख्या पुरेशी.’ चार वाजून पाच मिनिटांनी रिपोर्ट हॉस्पिटलला गेला आणि जयरामच्या मोबाईलवरही गेला. काच अजून ओढलीच नव्हती. नियम असा की एक लाखाच्या खाली आकडा आला तर काच बघितल्याशिवाय ओळसुद्धा लिहायची नाही, आणि हा नियम नवीन पोरींना शिकवताना मंजुषा स्वतः टेबलावर बोट आपटत असे. पण हे रक्त घरचं होतं. घरच्या माणसाला कुणी ओळखपत्र मागतं का?

काच तिने ओढली ती फाईलला ठेवायची म्हणून. नळी उलटीसुलटी केली, थेंब घेतला, दुसऱ्या काचेने एका झटक्यात पातळ पसरवला, रंग ओतला, पाणी घातलं, वाळायला ठेवली. मधल्या वेळात बेसिनवर चहाचा कप विसळला. सूक्ष्मदर्शकावर बसली तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते आणि ती चक्क गुणगुणत होती. गुठळ्या काचेच्या शेवटच्या टोकाला जमतात, जातं झाडल्यावर कडेला पीठ राहतं तशा, म्हणून तिने काच आधी तिकडे सरकवली. तिथे काही नव्हतं. तांबड्या पेशी होत्या, गोल, निरोगी, लांबपर्यंत एकीला एक लागून. तिने दुसरी कड बघितली. मग मध्ये आली. दृश्यात एकेका वेळी दहा-पंधरा जांभळे ठिपके दिसायला हवेत. तिला एक दिसला. काच सरकवली, एक. सरकवली, एकही नाही. सरकवली, दोन, आणि त्यातला एक भलताच मोठा. तिचं गुणगुणणं कधी थांबलं ते तिला कळलं नाही. तिने भिंगावरचं तेल पुसलं, पुन्हा घातलं, दुसरी काच ओढली, ती वाळेपर्यंत तिच्यावर फुंकर घालत उभी राहिली. दुसरीवरही तेच. तांबडं, रिकामं शेत आणि कुठेतरी एखादा ठिपका. गुठळी नाही, गठ्ठा नाही, चिकटलेल्या दोघीसुद्धा नाहीत. मग ती उठून मशीनच्या कागदापाशी गेली आणि जे मघाशी नीट बघितलं नव्हतं ते तिने बघितलं. गुठळ्यांची शंका आली की मशीन आकड्याशेजारी खूण करतं; खूण नव्हती. प्लेटलेट्सचा सरासरी आकार नेहमीपेक्षा मोठा होता, तेरा. जुन्या भराभर मरू लागल्या की हाडांच्या आतून शरीर नव्या, मोठ्या, अर्ध्याकच्च्या पुढे पाठवतं, तेव्हा हा आकार वाढतो. तो तेरा तिने वाचला होता. गुठळ्यांमुळे असेल म्हणून सोडून दिला होता. या वेळी रक्त खरं बोलत होतं, अक्षर न अक्षर, आणि तिने त्याचं तोंड दाबून त्याच्या वतीने उत्तर दिलं होतं.

उद्या आठ वाजता भुलीसाठी कमरेत सुई घालतील. मग गुडघा उघडतील, हाड कापतील. एकोणीस हजारांवर. रक्त थांबणार नाही आणि का थांबत नाही हे आधी कुणाला कळणारही नाही, कारण कागदावर लिहिलंय, पुरेशी. खाली बारीक अक्षरात तपासणाऱ्याचं नाव. तिने मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ‘रिपोर्ट मागे घे,’ त्या म्हणाल्या, ‘सुधारलेला पाठव, हॉस्पिटलला स्वतः सांग. तुझं-माझं उद्या बोलू.’ तिने पाठवला. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईने ‘बरं, बघते’ म्हणून फोन ठेवला. वीस मिनिटांनी लॅबचा फोन वाजला तो जयरामचा.

‘कोण बोलतंय?’

‘मीच आहे.’

‘मला वाटलंच. नाव बघितलं तेव्हाच म्हटलं, ही तीच. अगं, तासाभरापूर्वी म्हणता पुरेशा, आता म्हणता एकोणीस हजार. आम्ही काय येडे आहोत का?’

‘पहिला रिपोर्ट चुकला. माझ्याकडून. ऑपरेशन होऊ देऊ नका.’

‘चुकला, का आता चुकवतेस? आईचं रक्त नळीत गोळा होतं हे तूच सांगितलं होतंस ना? मी भुलीच्या डॉक्टरांना सांगितलं सगळं, जुना कागदपण दाखवला. ते म्हणाले, मग पहिला रिपोर्ट बरोबर आहे, असं असतं काहींचं. सात महिने झाले बाई जागची हलत नाही. तारीख मिळाली, सगळं झालं, आणि आता तुला बरोबर आठवलं आमचं वाकडं करायचं.’

जुना कागद. निळ्या झाकणाच्या नळीचा, दोन लाख तीस हजारांचा, तिच्या स्वतःच्या अक्षरातला. म्हणजे तो जपून ठेवला होता त्यांनी. झाडाला मान दिला आणि कागद मात्र कपाटात ठेवला. मंजुषाला एकदम इतका संताप आला की क्षणभर तिला वाटलं, मरू दे. हा शब्द तिच्या डोक्यात अगदी स्पष्ट उमटला, दोन अक्षरं नि वर एक. मग ती म्हणाली, ‘नळी नकोच. बोटाचा एक थेंब द्या, सरळ काचेवर. त्यात कसलंच औषध नसतं, गोळा व्हायचा प्रश्नच येत नाही. अर्ध्या तासात येते.’

‘तू येऊ नकोस. दुसऱ्या कुणाला पाठव. साडेसातला ॲडमिट व्हायचंय.’

दुसरं कुणी नव्हतं. लहानू नाशिकरोडला गेला होता आणि त्याला नळी भरता येई, काच ओढता येत नव्हती. साडेपाचला ती स्कूटीवर निघाली, खांद्याला काचांची पेटी. द्वारकेला वाहतूक नेहमीसारखी एकमेकांत गुंतून बसली होती, ट्रक, बस, रिक्षा, प्रत्येक जण हॉर्न दाबून आपलंच खरं म्हणत. तीही दाबत राहिली. ती काय म्हणून चालली होती? चतुराबाईचा जीव वाचवायला? स्वतःशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आज दुपारपर्यंत तरी. बाई उद्या टेबलावर गेली तर लोक म्हणतील सुनेने मारली, आणि ते खरं असेल. अकरा वर्षं तिने जे वाक्य सांभाळलं होतं, ज्याच्या जोरावर ती एकटीची खोली, एकटीचा डबा, एकटीची दिवाळी काढत आली होती, ते वाक्य उद्या त्या बाईच्या बाजूने खरं ठरलं असतं: लोकांच्या रक्तात हात. हे तिला नको होतं. त्या बाईने सुखाने जगावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं, पण मेली तर हिशोब कायमचा उलटा फिरणार होता. अशोकस्तंभापाशी सिग्नल लागला. शेजारच्या गाडीवरच्या बाईने तिच्याकडे बघितलं, तेव्हा मंजुषाच्या लक्षात आलं की ती मोठ्याने बोलत होती.

जुन्या घराच्या जागी आता तीन मजली बंगला होता आणि मागच्या फुलांच्या वावरात दुसऱ्याच कुणाच्या इमारती. दार जयरामनेच उघडलं. त्याचे केस गेले होते. तो दारातून हलला नाही, पण आतून आवाज आला, ‘कोन हाय रे?’ आणि तो बाजूला झाला. चतुराबाई दिवाणावर पाय लांब करून बसली होती, शेजारी हॉस्पिटलची भरलेली पिशवी, आणि मांडीवर परात, परातीत शेवंती. उद्या गुडघा कापणार आणि बाई आज देठ खुडत होती. अंगाने निम्मी झाली होती. डोळे मात्र तेच.

‘ये. मेली का जिती ते बघाया आली?’

‘बोटाचा थेंब घ्यायला आले.’

‘सकाळी त्या बाबानं नळीभर नेलं की. तेवढ्यानं पोट भरलं नाय तुझं?’

‘आत्याबाई, हात द्या,’ मंजुषा म्हणाली. आत्याबाई हा शब्द तिला नको असताना आला, जिभेला वाट माहीत होती म्हणून. चतुराबाईनेही तो ऐकला. तिने परात बाजूला सारली आणि डावा हात पुढे केला. बांगड्या कोपराकडे सरकल्या. मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक बारीक लाल ठिपके होते, मोहरीएवढेही नाहीत, शेकडो. ‘हे कधीपासून?’ ‘डास चावत्यात. आठ दिस झाले.’ मंजुषाने एकावर बोट दाबून बघितलं. डासाचा चावा दाबला की फिका होतो. हे झाले नाहीत, म्हणजे कातडीखाली रक्त झिरपत होतं. तिने जयरामसमोर सुईचं पाकीट फोडलं, करंगळीशेजारचं बोट स्पिरिटने पुसलं आणि टोचलं. पहिला थेंब पुसून टाकला, दुसरा काचेवर घेतला, ओढला. तिसरा घेतला, ओढला. मग कापूस दाबला.

दोन मिनिटं पुरतात. तिने दोन मिनिटांनी कापूस उचलला, तर खाली रक्त तसंच वर आलं, सावकाश, घाई नसल्यासारखं. दुसरा कापूस. भिंतीवर घड्याळ होतं, कुठल्याशा पतसंस्थेने दिलेलं. पाच मिनिटं झाली. तिसरा कापूस. मंजुषाने आता बोट स्वतःच्या मुठीत धरलं होतं आणि अंगठ्याने दाबत होती, त्या बाईच्या इतक्या जवळ ती कधीच बसली नव्हती. तिच्या अंगाला शेवंतीचा आणि बामचा वास येत होता. आठ मिनिटं. चौथा कापूस लाल झाला तेव्हा जयराम पुढे आला.

‘काय लावलंस तू सुईला?’

‘पाकीट तुमच्यासमोर फोडलं.’

‘मग थांबत का नाही? आधी कधी असं झालं नाही तिला. मी म्हणतो, हिला घरात घेतलंच कशाला?’

‘जयराम, तू गप,’ चतुराबाई म्हणाली. ती बोटाकडे बघत नव्हती, मंजुषाच्या तोंडाकडे बघत होती. बाजारात एखाद्याच्या पाटीतली वरची फुलं सारून खालची बघावीत तसं. ‘मला एक सांग. आकडा बघून तुला आनंद झाला का नाय?’

नाही म्हणणं सोपं होतं. कुणीही तेच म्हणालं असतं, आणि वर, असं कसं म्हणता आत्याबाई, असंही. मंजुषाने तोंड उघडलंसुद्धा. पण मुठीतलं बोट गरम होतं आणि तिला थकवा आला होता, दुपारपासूनचा नव्हे, त्याच्याही आधीचा.

‘झाला,’ ती म्हणाली.

‘कवा?’

‘नाव वाचलं तेव्हा. म्हटलं, बरं झालं. मग म्हटलं, तुमच्यावर उपकार करावा. जुन्यासारखंच असेल म्हणून न बघताच सगळं ठीक लिहिलं. मग बघितलं, तर ठीक नव्हतं.’

‘आन् मग? रडाया आलं?’

‘नाही. भीती वाटली.’

‘माझ्यासाठी?’

‘माझ्यासाठी.’

जयरामने काहीतरी शिवी दिली, पुरती ऐकू आली नाही. चतुराबाईने दोन-तीनदा मान हलवली, सौदा पटल्यासारखी. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो जुना, वापरातला राग होता. त्याखाली प्रथमच तिला काहीतरी घाबरवत होतं, आणि ते मंजुषा नव्हती.

‘फोन लाव त्या डॉक्टरला,’ ती लेकाला म्हणाली. ‘उद्याचं नाय म्हणावं. रक्ताचा मोठा डॉक्टर कोन हाय ते इचार, आत्ताच जायाचं.’

‘अगं आई, हिच्या सांगण्यावरून? हिच्या?’

‘हिच्याच. तिला फसवायचं असतं तर ती गोड बोलली असती.’

जयराम मोबाईल घेऊन बाहेर गेला. मंजुषाने पाचवा कापूस काढला, दुमडला, बोटावर ठेवला आणि अंगठा टेकवला.

‘नीट दाब,’ चतुराबाई म्हणाली. ‘लाडानं नको.’

मंजुषाने जोर केला.